कॅन्सरच्या नकाशातला लाल डाग खरा आहे का, हे कसं तपासायचं

केसेसची एक्सेल शीट हातात आली, त्यात जिल्ह्याचा कॉलम आहे, शेपफाइल (जिल्ह्यांच्या सीमांची नकाशाची फाइल) नेटवर फुकट मिळते, दोन्ही जोडलं की अर्ध्या तासात रंगीत नकाशा तयार. आणि त्यात कुठेतरी एक गडद लाल डाग दिसतोच, कारण कुठलेही आकडे रंगवले की त्यातला एक सगळ्यात मोठा असणारच. पण त्या लाल डागात माणसं राहतात. नकाशा फोनवर फिरायला लागला की ती घाबरतात, आपल्या पाण्यात काहीतरी आहे, हवेत काहीतरी आहे असं वाटायला लागतं, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतं की तिथे लोकसंख्या फार कमी होती म्हणून तो आकडा तसा आला. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. उलटंही होतं, खरा डाग सरासरीत विरघळून जातो आणि कुणाला पत्ताच लागत नाही. हे दोन्ही टाळायचं तर काम कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतो, मी स्वतः करतो तसं.

आधी हा खटाटोप कशासाठी, तर एक जुनं उदाहरण. अमेरिकेत १९७५ मध्ये कॅन्सरच्या मृत्यूंचा कौंटीवार (कौंटी म्हणजे तिथला जिल्हा) अॅटलास निघाला, डेटा १९५० ते १९६९ चा. त्यात आग्नेय भागात बायकांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ठळकपणे जास्त दिसले. नकाशा एवढंच सांगून थांबला. मग संशोधक नॉर्थ कॅरोलिनात गेले, कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या बायकांची तुलना केली, सवयी विचारल्या, आणि १९८१ मध्ये उत्तर आलं: तोंडात धरायची तंबाखूची पूड, म्हणजे तपकीर. त्याच अॅटलासमध्ये किनारपट्टीच्या काही कौंटींत पुरुषांचा लंग कॅन्सर जास्त दिसला होता, तो माग दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीच्या गोद्यांपर्यंत आणि तिथल्या अॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजापर्यंत गेला. म्हणजे कुठे जाऊन विचारायचं हे नकाशाने सांगितलं आणि कारण माणसांना विचारून सापडलं. ही कामाची वाटणी शेवटपर्यंत डोक्यात राहू द्या.

प्रश्न एका वाक्यात लिहा

नकाशा उघडायच्या आधी कागदावर लिहा की नेमका कुठला कॅन्सर, कुठल्या वयोगटात, कुठल्या वर्षांत, आणि तुम्हाला काय बघायचंय: नवीन केसेस, मृत्यू, की उशिरा निदान झालेल्या केसेस. आधी कळस मग पाया करून चालत नाही. "सगळे कॅन्सर मिळून" असा नकाशा तर काढूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कॅन्सर हा एक आजार नाहीच. साधं बघा, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले सी०० ते सी१४ हे कोड तोंड आणि घसा म्हणून एकत्र धरायची पद्धत आहे, पण त्यात ओठाचा कॅन्सर येतो ज्यात उन्हाचा हात असतो, तोंडाच्या आतला येतो ज्यात तंबाखू आणि दारू, घशाच्या मधल्या भागाचा येतो ज्यात एचपीव्ही व्हायरस, आणि नाकामागचा येतो ज्यात ईबीव्ही व्हायरस. चार वेगळ्या कारणांचे चार वेगळे नकाशे एकावर एक ठेवले तर जे दिसेल ते कशाचंच नसेल. अन्ननलिकेचंही तसंच, स्क्वॅमस आणि अॅडिनोकार्सिनोमा या दोन पेशीप्रकारांचा भूगोल वेगळा, म्हणून नुसता अवयवाचा कोड पुरत नाही, पेशीचा प्रकारही लागतो.

केसेस कुठून आल्या ते विचारा

सगळ्यात चांगला सोर्स म्हणजे लोकसंख्या आधारित कॅन्सर रजिस्ट्री, जी ठरलेल्या भागातल्या सगळ्या रहिवाशांच्या सगळ्या केसेस गोळा करते, मग पेशंट उपचाराला कुठेही जावो. हॉस्पिटलची रजिस्ट्री ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यात त्या हॉस्पिटलला कोण पोचलं एवढंच कळतं, तिच्यावरून दर काढू नका, कारण भागायचं कशाने हेच माहीत नसतं. रजिस्ट्रीचा डेटा असला तरी दोन टक्केवाऱ्या मागून घ्या: किती केसेसचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालंय, आणि किती केसेस फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळल्या. दुसरी टक्केवारी एखाद्या भागात फार जास्त असेल तर तिथे जिवंत असताना निदानच नीट होत नाहीये किंवा झालेलं निदान रजिस्ट्रीपर्यंत पोचत नाहीये. अशा भागाचा कमी दर बघून खूश व्हायचं कारण नाही, शून्य केसेस म्हणजे शून्य कॅन्सर असं नसतं.

मृत्यूचा डेटा सहज मिळतो पण त्यात आजार होणं आणि आजारातून न वाचणं ही दोन्ही मिसळलेली असतात. पॅन्क्रियाजसारख्या कॅन्सरला फार फरक पडत नाही कारण वाचण्याचं प्रमाण सगळीकडेच कमी, पण ब्रेस्टला खूप पडतो.

आता पत्ता. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक उरकतात, आणि माझ्या अनुभवात निम्मे खोटे हॉटस्पॉट (नकाशावरचे लाल डाग) इथेच जन्माला येतात. एकदा माझ्या नकाशात एका शहराच्या मधोमध प्रचंड मोठा क्लस्टर, म्हणजे केसेसचा पुंजका, आला, दोन दिवस मी त्याच्या मागे होतो, शेवटी एकेक रेकॉर्ड उघडून बघितलं तर ज्या पेशंटचा पत्ता भरलेला नव्हता त्यांच्या समोर एन्ट्री करणाऱ्यांनी हॉस्पिटलचाच पत्ता टाकलेला. तेव्हापासून जिओकोडिंग, म्हणजे पत्त्यांना नकाशावरचे को-ऑर्डिनेट देणं, झालं की पहिलं काम हे करतो की एकाच को-ऑर्डिनेटवर किती केसेस पडल्या त्याची यादी काढतो आणि वरच्या वीस जागा हाताने बघतो. हॉस्पिटल, वृद्धाश्रम, पोस्ट बॉक्स, पिनकोडचा मध्यबिंदू, सगळं तिथे सापडतं. आणि पत्ते न जुळलेल्या केसेस फेकून देऊ नका, त्या कुठल्या भागातल्या आहेत ते मोजा. ग्रामीण पत्ते जास्त गळतात, आणि गाळून टाकले की ग्रामीण भाग आपोआप निरोगी दिसायला लागतो. पत्ता अर्धवट असेल तर केस मोठ्या एरियाला जोडा, मध्यबिंदूवर टाकून अचूक असल्याचं भासवू नका.

निदानाच्या वेळचा पत्ता आणि आजार सुरू झाला तेव्हाचा पत्ता एक नसतो, हे पुढे पुन्हा येईलच.

भाजक

केसेसवर सगळ्यांचं लक्ष असतं, लोकसंख्येवर कुणाचं नसतं. पण दर हा भागाकार आहे आणि भाजक चुकला की सगळं चुकलं. तुम्हाला प्रत्येक एरियाची वय आणि लिंगानुसार लोकसंख्या लागते, पाच-पाच वर्षांच्या गटात, आणि केसेस ज्या वर्षांच्या आहेत त्याच वर्षांची. जनगणना दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा होते, मधली वर्षं अंदाजाने भरावी लागतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत हा अंदाज कमी पडला तर लोक आहेत जास्त, भागलं कमीने, दर फुगला. मधल्या काळात एरियाच्या सीमा बदलल्या असतील तर जुन्या आणि नव्या सीमांची जोडणी आधी लावा, नाहीतर केसेस नव्या सीमेत आणि लोक जुन्या सीमेत असं होतं आणि ते नकाशावर बघून कळत नाही.

वय धरल्याशिवाय कॅन्सरचा दर अर्थहीन आहे. जिथली तरुण मुलं कामासाठी बाहेर गेली आणि म्हातारी माणसं मागे राहिली तिथे साधा दर जास्त येणारच. छोट्या एरियांसाठी सोयीची पद्धत म्हणजे एसआयआर (स्टँडर्डाइझ्ड इन्सिडन्स रेशो): मोठ्या भागातले वयानुसार दर घ्या, ते तुमच्या एरियातल्या प्रत्येक वयोगटाच्या लोकसंख्येला लावा, बेरीज करा, ही झाली अपेक्षित संख्या, आणि प्रत्यक्ष केसेसना तिने भागा. १ आलं तर जेवढ्या अपेक्षित तेवढ्याच, २ आलं तर दुप्पट. दोन देशांची वगैरे तुलना करायची असेल तर थेट पद्धत वापरतात, म्हणजे एरियाचे स्वतःचे वयानुसार दर एका ठरलेल्या जागतिक प्रमाण लोकसंख्येला लावतात, पण वयोगटात दोन-तीनच केसेस असतील तिथे ती पद्धत डळमळीत होते.

स्कॉटलंडचं उदाहरण हाताने करून बघा

या विषयात सगळेजण ज्याच्यावर शिकतात तो डेटा म्हणजे स्कॉटलंडमधला ओठाचा कॅन्सर, १९७५ ते १९८०, ५६ जिल्हे, एकूण ५३६ केसेस. आर सॉफ्टवेअरच्या स्पेशियलएपी पॅकेजमध्ये तो तयार मिळतो. मी तुम्हाला कॅल्क्युलेटर घेऊन बसायला सांगेन, सॉफ्टवेअर नंतर.

स्काय-लोखॅल्श जिल्हा: केसेस ९, अपेक्षित १.४, एसआयआर ६.४. बॅन्फ-बकन: केसेस ३९, अपेक्षित ८.७, एसआयआर ४.५. ग्लासगो: केसेस २८, अपेक्षित ८८.७, एसआयआर ०.३२. आणि दोन जिल्ह्यांत शून्य केसेस: अॅनन्डेल, अपेक्षित ४.२, आणि ट्वीडडेल, अपेक्षित १.८.

नुसता एसआयआर रंगवला तर सगळ्यात गडद लाल स्काय-लोखॅल्श आणि सगळ्यात निळे ते दोन शून्यवाले. आता प्रत्येकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. प्रत्यक्ष केसेसच्या आकड्याला पॉयसन वितरणाची (मोजणीचे आकडे योगायोगाने किती वरखाली होतात त्याचा नियम) अचूक खालची आणि वरची मर्यादा घ्यायची आणि अपेक्षितने भागायचं. स्कायसाठी २.९ ते १२.२ येतो, म्हणजे तिप्पट आहे की बारापट हे डेटा सांगूच शकत नाही, फक्त जास्त आहे एवढं पक्कं. बॅन्फ-बकनसाठी ३.२ ते ६.१, बराच आवळलेला. ट्वीडडेलचा शून्य म्हणजे ० ते २.०५, तिथे धोका दुप्पटही असू शकतो, त्या निळ्या रंगाला काहीच आधार नाही. पण अॅनन्डेलचा शून्य ० ते ०.८८, तो मात्र खरंच सरासरीच्या खाली आहे. दोन्ही शून्यच, दोन्हीचा रंग एकच, आणि अर्थ वेगवेगळे. आणि ग्लासगोचं ०.२१ ते ०.४६, ते सगळ्यात भरवशाचं, पण नकाशावर शहर टीचभर दिसतं आणि विरळ वस्तीचे डोंगराळ जिल्हे अर्धा कागद व्यापतात. डोळा क्षेत्रफळ बघतो आणि आजार माणसांना होतो, हा फरक नकाशा स्वतःहून सांगत नाही.

छोट्या लोकसंख्येची ही अडचण सगळीकडे आहे. अमेरिकेत किडनी कॅन्सरचे दर कौंटीवार लावले तर सगळ्यात कमी दराच्या कौंटी ग्रामीण, कमी वस्तीच्या निघतात, वाटतं स्वच्छ हवेचा परिणाम, आणि मग सगळ्यात जास्त दराच्या बघितल्या तर त्याही ग्रामीण, कमी वस्तीच्याच. लोक कमी असले की एक केस इकडची तिकडे झाली तरी दर वर उडतो किंवा तळाला जातो.

स्मूदिंग

यावरचा उपाय म्हणजे ज्या एरियाकडे स्वतःचा पुरावा कमी आहे त्याचा आकडा सरासरीकडे ओढायचा, आणि ज्याच्याकडे पुरावा भरपूर आहे त्याला जवळजवळ हात लावायचा नाही. याला एम्पिरिकल बेज म्हणतात. हाताने करून बघण्यासाठी सोपं रूप घ्या: प्रत्येक जिल्ह्याच्या केसेसमध्ये २ मिळवा, अपेक्षितमध्ये २ मिळवा, मग भागा. हा २ मी हिशोबासाठी घेतलाय, खऱ्या कामात सॉफ्टवेअर तो डेटावरूनच ठरवतं, पण तत्त्व हेच.

स्काय: ११ भागिले ३.४, म्हणजे ३.२४. बॅन्फ-बकन: ४१ भागिले १०.७, म्हणजे ३.८३. क्रम उलटला, बघा. पहिला नंबर आता बॅन्फ-बकनचा. ट्वीडडेल शून्यावरून ०.५३ वर आला, अॅनन्डेल ०.३२ वर, आणि ग्लासगो ०.३२ वरून ०.३३, म्हणजे जागचा हललाच नाही. मला ही पद्धत मनापासून पटते कारण आपण माणसांच्या बाबतीतही तेच करतो, एका भेटीवरून कुणाबद्दल टोकाचं मत बनवत नाही.

यापुढची पायरी म्हणजे सगळ्या देशाच्या सरासरीकडे ओढण्याऐवजी शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढायचं. इथे शेजारी कोण हे तुम्हाला ठरवावं लागतं: सीमा लागते तो शेजारी, की मध्यबिंदू जवळ तो, की जवळचे पाच. स्कॉटलंडमध्ये ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स ही बेटं आहेत, त्यांची सीमा कुणालाच लागत नाही, सीमेचा नियम लावला तर त्यांना शेजारीच नाही आणि काही सॉफ्टवेअर तिथेच एरर देऊन थांबतात. फेरीने जोडलेला भाग शेजारी धरायचा का, हा निर्णय भूगोल माहीत असलेल्या माणसाने घ्यायचा असतो, डिफॉल्ट सेटिंगने नाही. तसंच मध्ये नदी असेल आणि पूल नसेल तर सीमा लागूनही ते शेजारी म्हणायचे का, हा विचार करा आणि जे ठरवाल ते लिहून ठेवा.

याची पूर्ण बेजियन आवृत्ती म्हणजे बीवायएम मॉडेल, बेसाग, यॉर्क आणि मॉलिए यांचं, १९९१ चं. त्यात प्रत्येक एरियाच्या धोक्याचे दोन तुकडे असतात, एक शेजाऱ्यांशी मिळताजुळता आणि एक त्या एरियाचा स्वतःचा, आणि कुणाचा वाटा किती हे डेटा सांगतो. हल्ली ते आरमध्ये इन्ला पॅकेजने काही सेकंदात चालतं. त्यातून मिळणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे संभाव्यतेचा नकाशा: या एरियातला धोका १ पेक्षा जास्त असण्याची शक्यता किती. मी नेहमी दोन नकाशे शेजारी शेजारी देतो, एक स्मूद केलेल्या धोक्याचा आणि एक या शक्यतेचा, आणि शक्यता ०.८ च्या खाली असेल तर त्या एरियाबद्दल बोलायचं टाळतो. स्मूदिंगलाही किंमत आहे हे विसरू नका, एकाच छोट्या एरियात खरा धोका असेल आणि आजूबाजूला नसेल तर स्मूदिंग त्याला दाबून टाकू शकतं, म्हणून कच्चे आकडेही जवळ ठेवा.

क्लस्टर शोधणं

प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवा. पहिला, एकंदरीत नकाशात जवळजवळचे एरिया एकमेकांसारखे आहेत का. यासाठी मोरान्स आय, म्हणजे शेजारचे एरिया एकमेकांसारखे किती आहेत ते सांगणारा एक आकडा. तो कच्च्या दरांवर चालवू नका, छोट्या लोकसंख्येचे वेडेवाकडे दर त्यालाही फसवतात, जिओडा या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एम्पिरिकल बेज दरांसाठीचा पर्याय आहे तो घ्या. दुसरा, नेमका कुठे. यासाठी लोकल मोरान आणि गेटिस-ऑर्ड या पद्धती आहेत, आणि कॅन्सरच्या कामात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॅटस्कॅन आहे, मार्टिन कुलडॉर्फ यांचं, तेही फुकट.

सॅटस्कॅन काय करतं तर नकाशावर वर्तुळ ठेवतं, लहानापासून मोठं करत जातं, प्रत्येक ठिकाणी आतल्या आणि बाहेरच्या धोक्याची तुलना करतं, सगळ्यात जास्त फरकाचं वर्तुळ निवडतं, आणि मग केसेस निव्वळ योगायोगाने विखुरल्या असत्या तर असं वर्तुळ किती वेळा आलं असतं ते बघण्यासाठी ९९९ वेळा खोटा डेटा बनवून तेच सगळं पुन्हा करतं. त्यामुळे हजारो वर्तुळं तपासल्याचा हिशोब पी व्हॅल्यूमध्ये (निव्वळ योगायोगाने इतका फरक येण्याची शक्यता) आपोआप धरला जातो. हा हिशोब न धरण्याची चूक फार कॉमन आहे: ५६ जिल्हे प्रत्येकी ५ टक्के चुकीची मुभा ठेवून तपासले तर काहीच नसताना सुद्धा दोन-तीन जिल्हे लाल होणार, आणि ५०० एरिया गुणिले २० कॅन्सर केलं तर ५०० खोटे अलार्म.

सेटिंगमध्ये एक गोष्ट बघाच. वर्तुळाची कमाल मर्यादा डिफॉल्टने लोकसंख्येच्या ५० टक्के असते, त्यामुळे कधी कधी अर्धा नकाशा म्हणजे एक क्लस्टर असं उत्तर येतं जे कुणाच्या कामाचं नसतं. मी १० किंवा २० टक्क्यांवरही चालवून बघतो, पण कुठली मर्यादा वापरायची हे निकाल बघायच्या आधी ठरवतो. आणि नदीकाठाने किंवा रस्त्याने जाणारा लांबट पट्टा वर्तुळात नीट बसत नाही, तिथे लंबवर्तुळाचा पर्याय वापरा.

सीमा बदलल्या की निकालही बदलतो हे एकदा स्वतः करून बघा, तोच डेटा जिल्ह्याने लावा आणि मग त्याहून लहान एरियाने लावा. दोन्हीत जो डाग टिकतो त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा.

कारण शोधताना

लाल डागाशेजारी कारखाना दिसला की हात शिवशिवतात. थांबा. पहिली गोष्ट वेळ. घट्ट गाठींचे बहुतेक कॅन्सर एक्सपोजरनंतर, म्हणजे कारणाशी संपर्क आल्यानंतर, दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात, अॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) तर २० ते ५० वर्षांनी. पाच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कारखान्याने आजचा मेसोथेलिओमा दिला नसणार, आणि आज तिथे राहणारा माणूस तीस वर्षांपूर्वी कुठे होता हे तुमच्या शीटमध्ये नाही. राहत्या पत्त्यांचा इतिहास मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाला तर निदान त्या भागात लोकांची ये-जा किती आहे ते तरी बघा. ब्लड कॅन्सरचं, विशेषतः मुलांमधल्या ल्युकेमियाचं, वेळापत्रक मात्र बरंच छोटं असतं.

दुसरी गोष्ट, कोण तपासणीला जातं. दक्षिण कोरियात थायरॉइड कॅन्सरचा दर १९९३ ते २०११ मध्ये १५ पट झाला, आणि थायरॉइड कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ आहे तिथेच राहिले. अल्ट्रासाउंड वाढलं, कधीच त्रास न देणाऱ्या गाठी सापडायला लागल्या. थायरॉइड, प्रोस्टेट आणि ब्रेस्टचा नकाशा काढताना शेजारी स्क्रीनिंगचा नकाशा ठेवा, आणि शक्य असेल तर फक्त उशिराच्या स्टेजच्या केसेस वेगळ्या काढून बघा.

तिसरी, एरियाच्या सरासरीवरून माणसाबद्दल बोलू नका. स्कॉटलंडच्या डेटात शेती, मासेमारी आणि जंगलकामात किती टक्के लोक आहेत याचा कॉलम आहे, तो वाढला की ओठाचा कॅन्सर वाढतो, आणि उघड्यावर काम करणाऱ्यांना ऊन जास्त लागतं हे इतर अभ्यासांतून माहीत आहे म्हणून ते पटतं. पण फक्त या ५६ आकड्यांवरून तो माणूस मच्छीमार होता म्हणून त्याला झाला असं म्हणता येत नाही, केसेस त्या जिल्ह्यातल्या दुकानदारांच्याही असू शकतात. दुसरा पुरावा नसेल तर हा बादरायण संबंध ठरतो. आणि मॉडेलमध्ये सिगारेट-तंबाखू, उत्पन्न, शहरी-ग्रामीण हे घातल्याशिवाय लंग कॅन्सर आणि प्रदूषण यावर एक ओळही लिहू नका.

लोक स्वतः तक्रार घेऊन आले तर

आमच्या गल्लीत खूप जणांना कॅन्सर झालाय असं कुणी सांगत आलं तर ऐकून घ्या, नीट, पूर्ण. त्यांच्या घरातली माणसं गेलेली असतात. मग विचारा: कुठले कॅन्सर, कुठली वयं, किती वर्षं तिथे राहत होते. वेगवेगळे, नेहमीचे, म्हातारपणातले कॅन्सर असतील तर एका कारणाची शक्यता कमी. एकच दुर्मिळ कॅन्सर, किंवा ज्या वयात होत नाही त्या वयात झालेला, असेल तर लगेच पुढे जा. तुर्कस्तानात कराइन नावाचं छोटं गाव आहे, तिथे मेसोथेलिओमाने इतकी माणसं गेली की कुठल्याही स्टॅटिस्टिकल टेस्टची गरज नव्हती, आणि कारण निघालं तिथल्या दगडातलं एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज, आणि त्याच दगडाने लोकांची घरं बांधलेली होती.

पण असं नेहमी सापडत नाही हेही प्रामाणिकपणे सांगा. अमेरिकेतल्या वीस वर्षांतल्या ४२८ चौकशांचा आढावा २०१२ मध्ये आला, त्यात कॅन्सरच्या ५६७ संशयित वाढी तपासल्या होत्या, ७२ मध्ये वाढ खरी निघाली, आणि स्पष्ट कारण फक्त एका ठिकाणी सापडलं. अडचण अशी असते की केसेस आधी दिसतात आणि भागाची सीमा मग त्यांच्याभोवती आखली जाते, भिंतीवर गोळ्या झाडून मग नेमक्या तिथेच वर्तुळ काढल्यासारखं. म्हणून सीमा आणि वर्षं केसेस न बघता ठरवा, म्हणजे आधीपासून अस्तित्वात असलेला वॉर्ड किंवा जनगणनेचा गट घ्या, आणि जमलं तर तक्रार येण्याच्या आधीच्या वर्षांत किंवा नंतरच्या वर्षांत तीच वाढ दिसते का ते बघा.

एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे फार कमी लोक वळतात. कारणाचा शोध लागो न लागो, निदानाला उशीर कुठे होतो हे नकाशावर आजच दिसू शकतं आणि त्यावर लगेच काही करता येतं. स्टेज ३ आणि ४ मध्ये सापडलेल्या केसेसचं प्रमाण एरियावार काढा, त्यावर जवळच्या रेडिओथेरपी सेंटरपर्यंतचा वेळ ठेवा. सरळ रेषेतलं अंतर घेऊ नका, रस्त्याने लागणारा वेळ घ्या, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी बसचा वेळ घ्या. रेडिएशनला आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे जावं लागतं, दोन तासांच्या अंतरावरचा माणूस अर्ध्यात सोडू शकतो.

नकाशा बाहेर देताना

रंगांचे टप्पे आकड्याच्या अर्थावर ठरवा: १ मधोमध, एका बाजूला १.२५, १.५, २ आणि दुसऱ्या बाजूला ०.८, ०.६७, ०.५, म्हणजे दुप्पट आणि निम्मं सारख्याच गडद रंगात येतं. एरियांचे पाच समान गट करायचा पर्याय टाळा, त्यात काहीच फरक नसला तरी एक पंचमांश नकाशा लाल होतो. लाल-हिरवा वापरू नका, रंगांधळेपणा असलेल्यांना वाचता येत नाही, निळा-नारिंगी घ्या.

केसेसचे ठिपके कधीही बाहेर देऊ नका. ठिपका मुद्दाम थोडा सरकवला तरी छोट्या वस्तीत शेजारी ओळखतात. एरियात पाचपेक्षा कमी केसेस असतील तर आकडा लपवा, काही रजिस्ट्री याहून मोठी मर्यादा ठेवतात, त्यांचा नियम पाळा, आणि एकूण बेरजेतून वजा करून लपवलेला आकडा काढता येत नाही ना ते तपासा. हे लोक बहुतेक वेळा विसरतात.

पहिल्यांदाच करताय तर स्वतःच्या डेटावर सुरुवात करू नका. स्कॉटलंड हाताने झालं की त्याच पॅकेजमधला पेनसिल्व्हेनियाचा लंग कॅन्सरचा डेटा घ्या, ६७ कौंटी, वर्ष २००२, त्यात सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाणही दिलेलं आहे, ते मॉडेलमध्ये घालण्याआधी आणि नंतर नकाशा कसा बदलतो ते बघा. मग न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागातला ल्युकेमियाचा, २८१ ट्रॅक्ट (जनगणनेचे छोटे विभाग), १९७८ ते १९८२, त्यावर सॅटस्कॅन तीन वेगवेगळ्या मर्यादांवर चालवा आणि कुठला क्लस्टर तिन्हीत येतो ते लिहून काढा. हे तीन झाले की मग स्वतःची शीट उघडा, आणि सुरुवात को-ऑर्डिनेटच्या यादीतल्या त्या वरच्या वीस जागांपासून करा.